रुखवतातलं टेबल

समीक्षा : आत्या, हात काढ. त्या कडेला हात लावायचा नाही म्हटलं ना.

वेणूआत्या : लावला नाय गो, बगत होते. एवढी कसली नाजूक ती? अल्मिनची पट्टी तर हाय. धनेशचे गवंडी पलास्टर ओढतात तीच ना ही?

समीक्षा : तीच. धनेशदादाच्या साईटवरून मागून आणली. पण आता ती प्लास्टरची नाही राहिली. आता ती माझी ट्रॅक सॉ आहे.

वेणूआत्या : कोन हाय?

समीक्षा : ट्रॅक सॉ. रुळावरून गाडी जाते ना, तशी रुळावरून सरकणारी करवत. परदेशी कंपन्यांची येते. मशीनच्या बुडाला खाच असते, ती रुळावर बसवायची आणि ढकलायचं. आठ फुटांचा प्लाय असला तरी सरळच्या सरळ कापते. मुंबईला नागदेवीच्या हत्यारांच्या दुकानात जाऊन हात लावून आले मी एकदा.

वेणूआत्या : मंग आनली का नाय?

समीक्षा : किंमत ऐकून हात मागे घेतला. वर दुकानदार म्हणतो, मॅडम, सरांना घेऊन या, सरांना समजावून सांगतो.

वेणूआत्या : मेल्याचा. तुझ्या बापाला न्यायचा होता. जमिनीचा पैसा काय लोनच्यात घालून ठेवलाय त्यानी?

समीक्षा : बाबा तर आजच घेऊन टाकू म्हणाले होते. गाडीची चावी पण हातात घेतली. मीच नको म्हटलं. रुखवतात माझ्या हातचं टेबल मांडायचं, लोकांना सांगायचं पोरीनं स्वतः केलं, आणि त्यासाठी बापानं स्कूटरच्या किमतीची करवत घेतली, असं कसं?

वेणूआत्या : रुखवत आता भाड्यानी मिलतो गो पोरी. दीनानाथच्या पोरीचा बगितला नाय? थर्माकोलची बैलगारी, प्लॅस्टिकची तुलस, आनि एक बाहुली, ती दर लग्नात तीच असते. मी लग्नाचा धवला गायाला जाते ना, मना आता ती बाहुली वलखते.

समीक्षा : म्हणूनच मला ते नकोय.

वेणूआत्या : बरा. पन मंग तो प्लाय कापून आनायचा. कलंबोलीला कापतात ना मोठ्या मशीनवर.

समीक्षा : कापतात. माप दिलं की कापून देतात, वर कडेला पट्टी लावून देतात. पण मग मी काय केलं? टेम्पो?

वेणूआत्या : टेम्पो करनं पन काम असतो. तुझ्या काकाला अजून जमत नाय.

समीक्षा : ऑनलाइन स्वस्तातला रूळ पण येतो. माझ्या मैत्रिणीनं, भाविकानं मागवला होता. दोन तुकडे जोडायचे असतात. आणि जोडाजवळ तो असा वाकतो, हाड मोडून वाकडं बसलेल्या हातासारखा. तिच्या कपाटाचं दार अजून लागत नाही. येता-जाता वीट लावून ठेवते.

वेणूआत्या : म्हनून ही गवंड्याची पट्टी.

समीक्षा : हो. बघ, सोपं आहे. खाली हा प्लायचा लांब तुकडा. त्याच्यावर अल्युमिनियमची पट्टी स्क्रूनं पक्की केली. मग माझं साधं करवतीचं मशीन ह्या अल्युमिनियमला टेकवून एकदा चालवलं, की खालच्या प्लायचा जास्तीचा भाग कापला गेला. आता ह्या प्लायची कड जिथे संपते तिथूनच पातं जाणार. रेघ मारायची, रेघेवर कड ठेवायची, मशीन ढकलायचं. आणि कड रेघेला चिकटून असते म्हणून सनमायक्याच्या खपल्याही उडत नाहीत.

वेणूआत्या : आनि मधीच सरकली तर?

समीक्षा : म्हणून खाली पॉलिश पेपर चिकटवलाय. खरखरीत. जागेवरून हलत नाही. शिवाय त्या टोकाला क्लॅम्प. क्लॅम्प माझ्याकडे एकच आहे, तर ह्या टोकाला तू.

वेणूआत्या : म्हंजे मी दुसरा कलाम.

समीक्षा : मानाचा क्लॅम्प. दोन्ही पंजे असे ठेवायचे, आणि मी थांब म्हणेपर्यंत दाबून धरायचं. गायचं नाही. गायला लागलीस की तू डोलतेस.

वेणूआत्या : धवलारीन डोलायची नाय तर काय पुतल्यासारखी बसायची? हलदीला त्यो डीजे लावतात, घराच्या काचा थरथरतात, मी गायलेला माझा मना ऐकू येत नाय. डोलले की तेवढा तरी लोकाना समजतो, बाई गाते हाय.

समीक्षा : माझ्या हळदीला डीजे तुझं गाणं संपल्यावर. बाबांना सांगून ठेवलंय.

वेणूआत्या : सांगितलास? खरा? ये, तुझी अलाबला घेऊ दे. आता बोल, तुझ्या नवरदेवानी, प्रितमनी घरी काय सांगितलाय तुझ्या ह्या कामाचा?

समीक्षा : त्यानं सांगितलंय की मी इंटीरियरमध्ये आहे.

वेणूआत्या : म्हंजे?

समीक्षा : म्हणजे एसीत बसून चित्रं काढते. मशीन, भुसा, गॉगल, हे काही त्याच्या आईला माहीत नाही. लग्नानंतर मी सांगतो म्हणाला.

वेणूआत्या : आनि मंग ती नाय बोलली तर?

समीक्षा : तेच. तेच मला खातंय आत्या. दिवसभर हसत असते, पण रात्री पडले की तेच डोक्यात. इथे हा गाळा आहे, कोणी काही बोलत नाही. तिथे फ्लॅट. सासूबाई चांगल्या आहेत, पण सगळं कसं जागच्या जागी असतं त्यांच्याकडे. त्यांनी जर म्हटलं, आता हे बास, तर मी काय करू? मला हे काम आवडतं. शालूपेक्षा आवडतं, खरं सांगते. म्हणून तर हे टेबल असं करतेय.

वेणूआत्या : कसा?

समीक्षा : दिसायला जेवणाचं. पण वरची फळी उचलून उलटी टाकली की दुसऱ्या बाजूनं माझं कामाचं टेबल. खाचा, क्लॅम्पची भोकं, सगळं त्या बाजूला. घरात एकदा शिरलं की शिरलं.

वेणूआत्या : लबाड गो तू. सासूच्या घरात टेबल घालून मंग सासूला सांगनार.

समीक्षा : नाहीतर काय करू? थांब, आई हाक मारतेय. आलेच. आणि आत्या, पट्टीला हात लावायचा नाही.

वेणूआत्या : नाय लावत. जा तू.

(समीक्षा घरात जाऊन थोड्या वेळानं परत येते.)

समीक्षा : आले. आई विचारत होती लाडवाला तूप किती. काय करत होतीस?

वेणूआत्या : काय नाय. बसले होते.

समीक्षा : तुझी बोटं पिवळी का झालीत?

वेणूआत्या : हलद दलतोय ना घरात सकालपासून. लग्नघर हाय. तू चालव तुझी मशीन.

समीक्षा : बरं. हा शेवटचा बोर्ड, टेबलाच्या वरच्या फळीचा. ह्यात चूक झाली तर दुसरा नाही. पट्टी ठेवली. कड रेघेवर. क्लॅम्प लावला. तू धर. दाबून.

वेणूआत्या : धरली.

समीक्षा : गॉगल. कानाला बोळे. चालू करते हं.

(मशीनचा सरळ, एकसुरी आवाज बोर्डच्या मध्यापर्यंत जातो, अडखळतो, वर चढतो आणि थांबतो.)

समीक्षा : आत्या.

वेणूआत्या : काय झाला?

समीक्षा : तू हललीस?

वेणूआत्या : देवाशप्पत नाय. श्वास पन घेतला नाय मी. पट्टीच हलली गो, माझ्या हाताखालून पोरासारखी पलाली.

समीक्षा : असं कसं? पॉलिश पेपर आहे खाली. सकाळी तुकड्यावर करून बघितलं तेव्हा जागची हलली नव्हती. बघ हे. इथपर्यंत सरळ, आणि इथून बघ कशी आत गेलीय. गाढी नदीचं वळण दिसतंय नुसतं. संपलं. टेबल गेलं.

वेणूआत्या : अगो, रडतीस काय? तेवढा सांधून घे.

समीक्षा : कापलेला प्लाय परत सांधत नाही आत्या.

रंजिता : येऊ का आत? घरात समीक्षाच्या आईनं सांगितलं, ती मागच्या गाळ्यात आहे म्हणून.

वेणूआत्या : अगो बाय, प्रितमची आई. या या, विहीनबाय. पन इकरं नको, धूल हाय. चला घरात, पानी प्या.

रंजिता : पाणी प्याले. समीक्षा, किती फोन करायचे? ब्लाऊजचं माप राहिलंय. परवा म्हणालीस उद्या, काल म्हणालीस उद्या. मी टेप गळ्यात घालूनच आले. आज नाही घेतलं तर हळदीला तुला टाचण्या लावून बसवावं लागेल, आणि मी शिवलेल्या ब्लाऊजला टाचणी लागलेली मला चालायची नाही.

समीक्षा : सॉरी काकू. फोन ऐकू आला नाही.

रंजिता : ऐकू कसा येईल? केवढा आवाज येत होता. काय चाललंय?

वेणूआत्या : सुतार आलाय ना. रुखवताचा टेबल करतो. आताच चहा प्यायला गेला.

रंजिता : सुतार.

वेणूआत्या : हो. बाल्या म्हनून हाय. चांगला हात हाय त्याचा.

रंजिता : बाळ्या चहाला गेला आणि गॉगल समीक्षाच्या कपाळावर ठेवून गेला?

वेणूआत्या : तो... ती सांभालते त्याचा.

रंजिता : आणि भुसा पण तिच्याच केसांत सांभाळायला दिलाय वाटतं.

समीक्षा : राहू दे आत्या. काकू, सुतार कोणी नाही. मीच आहे. हे टेबल मी करतेय. घरातली दोन कपाटं, बाबांच्या ऑफिसातलं काउंटर, भाविकाच्या दुकानाचं फर्निचर, सगळं मीच केलंय. मी चित्रं काढत नाही. म्हणजे काढते, पण कापण्यासाठी काढते. कामं घेते मी. लोक मला सांगतात, मी करून देते.

रंजिता : प्रितमला माहीत आहे?

समीक्षा : हो.

रंजिता : म्हणजे मलाच तेवढं नाही.

समीक्षा : तो म्हणाला, आईला लग्नानंतर सांगू.

रंजिता : तो नेहमीच नंतर सांगतो. दहावीला गणिताचा पेपर कसा गेला विचारलं, तर म्हणाला निकालानंतर सांगतो. निकाल लागला, मला शेजारणीनं सांगितलं.

वेणूआत्या : विहीनबाय, पोरगी आमची गुनाची हाय. स्वयपाक पन येतो तिला. भाकरी अशी पातल करते...

रंजिता : वेणूताई, मी भाकरीचं विचारलं का? समीक्षा, माझ्याकडे बघ. आमच्या घरात जादाची खोली एकच. त्यात माझं शिलाईचं काम चालतं. नवरी मुलींचे ब्लाऊज असतात, जरीकाम असतं, रेशीम असतं. लोक विश्वासानं टाकून जातात. हा भुसा रेशमावर बसला तर नुसत्या झटकण्यानं जात नाही. धाग्यात शिरतो.

समीक्षा : माहीत आहे काकू.

रंजिता : मग काय ठरवलं होतंस तू?

समीक्षा : काही नाही. टेबल रुखवतात यायचं. मग ते घरात राहायचं. आणि मग हळूहळू...

रंजिता : हळूहळू म्हणजे सासूला न विचारता.

समीक्षा : हो. भीती वाटत होती. विचारलं आणि तुम्ही नको म्हणालात तर लग्न तरी कुठल्या तोंडानं करू, असं वाटत होतं. मला प्रितम हवाय. आणि हेही हवंय. दोन्हीपैकी एक सोडायला सांगू नका एवढंच.

वेणूआत्या : बोलली बाय एकदाची.

रंजिता : हं. ते बघू. आधी सांग, रडत का होतीस? मी आले तेव्हा डोळे पुसत होतीस तू. माझ्यामुळे तर नाही, मी तेव्हा दारातच होते.

समीक्षा : हे बघा ना. शेवटचा बोर्ड होता. पट्टी सरकली आणि वाकडं कापलं गेलं. चार ठिकाणी विचारून, एवढे व्हिडिओ बघून, ही पट्टी बनवली. महागडी करवत घेतली नाही, आपण आपलं करून दाखवू म्हटलं. आणि ऐन वेळी हे.

रंजिता : पट्टी सरकली कशी? धरली कोणी होती?

वेणूआत्या : मी. पन मी हलले नाय.

समीक्षा : खाली खरखरीत कागद आहे काकू. तो धरून ठेवतो. सरकायला नको होती.

रंजिता : उलटी कर बघू ती.

समीक्षा : थांबा, क्लॅम्प काढते. ही घ्या.

रंजिता : हे काय आहे? पिवळं, ओलं ओलं.

समीक्षा : कुठे? ही तर... आत्या?

रंजिता : आणि हे तांदूळ. कुंकू लावलेले. वेणूताई, ह्या अक्षता आहेत.

समीक्षा : आत्या, तू पट्टीची पूजा केलीस?

वेणूआत्या : मंग? नवीन अवजार घरात आलाय, लग्नाचा काम हाय, हलदकुंकू न लावता चालवायचा? आमी मिठागरावर नवीन फावडा आनला तरी पाच बोटा लावायचो. पन तू बोललीस, कडेला हात लावू नको. नाय लावला. वर पन नाय लावला, तुझी अल्मिन खराब होईल म्हनून. खाली लावला, कोनाला दिसनार नाय असा. तू लाडवाचा तूप सांगायला गेलीस तेवा.

समीक्षा : पॉलिश पेपरवर हळदीचा लेप दिलास, आणि वर तांदूळ पसरलेस.

वेणूआत्या : पसरले नाय. भक्तीनी वाहिले.

रंजिता : आणि पट्टी भक्तीनं घरंगळली.

समीक्षा : काकू, तुम्ही हसताय?

रंजिता : हसू नको तर काय करू? तूही हसतेयस. वेणूताई, तुम्ही हसू नका, तुम्ही आरोपी आहात.

वेणूआत्या : आता तुमीच सांगा विहीनबाय, देवाचा केलेला कधी वाया जातो काय?

समीक्षा : देवाचं नाही गेलं, माझा बोर्ड गेला.

रंजिता : बोर्ड कुठे गेलाय? हे बघ. आमच्यात कापड वाकडं गेलं की रडत बसत नाहीत. फुल बाहीचं कापड चुकलं तर हाफ बाही करायची, गिऱ्हाइकाला सांगायचं आताची फॅशन आहे. ह्यातलं सरळ किती उरतंय?

समीक्षा : वाकडं तेवढं काढलं तर एक वीत जाईल. रुंदी कमी होईल. सहा माणसांचं टेबल होतं, आता चारच बसतील.

रंजिता : आमच्याकडे आम्ही तिघं. तू आलीस की चार. आणखी कोणाला बसवायचंय?

समीक्षा : कोणाला नाही.

रंजिता : मग कर परत. मला बघायचंय. तुझी पट्टी सरळ आहे हे कशावरून?

समीक्षा : ते तपासता येतं. हे बघा, पट्टीच्या कडेनं एक रेघ मारली. आता पट्टी उलटी फिरवून त्याच दोन टोकांना टेकवायची आणि परत रेघ मारायची. पट्टी वाकडी असेल तर दोन रेघांमध्ये पोट दिसतं. एकच रेघ दिसली तर पट्टी सरळ.

रंजिता : एकच आहे.

समीक्षा : एकच आहे. धनेशदादाच्या पट्ट्यांतून निवडून घेतली होती ही. त्याचे गवंडी वैतागले होते.

रंजिता : माझी लाकडी फूटपट्टी अशी तपासायला हवी. मला कित्येक वर्षं संशय आहे तिचा. आता हा कागद पुसून घे. वेणूताई, ओलं फडकं द्या.

वेणूआत्या : देवाला लावलेली हलद पुसायची?

रंजिता : तुम्हीच कपाळाला लावून घ्या. वाया नको जायला.

समीक्षा : नको काकू, पुसून नाही चालणार, कागद नवीनच चिकटवते. आहे तुकडा. झालं. आत्या, तू ह्या वेळी बाजूला.

वेणूआत्या : मी बाजूला तर धरनार कोन?

रंजिता : मी. कुठे हात ठेवायचा सांग. असा?

समीक्षा : पंजे पसरून. आणखी मागे. पात्याच्या वाटेत काही नको. पदर खोचा. टेप गळ्यातून काढून ठेवा. गॉगल हा घ्या, माझ्याकडे जुना आहे.

रंजिता : दिसतं का बरोबर? चष्म्यावरून बसत नाही हा.

समीक्षा : बसेल. घाबरला नाहीत ना?

रंजिता : अगं, चार नवरी मुलींच्या आयांसमोर मी पैठणीला कात्री लावते. तू चालव.

वेणूआत्या : मंग मी गाते. गायला तर हरकत नाय ना आता? लांब बसून गाते.

समीक्षा : गा.

वेणूआत्या : नवरीच्या हाती गो करवत दिली, सासूनी धरली पट्टी, आनि नवरा गो कुठं...

रंजिता : नवरा द्रोणागिरीला, गोदामात कामावर. चालू कर गं.

(मशीनचा आवाज ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडखळता जातो आणि थांबतो.)

समीक्षा : झालं. सोडा आता. काकू, सोडा, झालं. बघा.

रंजिता : थांब, चष्मा नीट करू दे. अगो... सरळ हाय की.

वेणूआत्या : विहीनबाय, आली की तुमची म्हायेरची, जासईची भाषा.

रंजिता : येणारच. कडेला हात लावू का आता? कुठे खपली नाही, काही नाही. हे तू त्या गवंड्याच्या पट्टीनं केलंस?

समीक्षा : आपण केलं. तुमचा हात हलला नाही अजिबात. आत्यापेक्षा तुम्ही चांगल्या क्लॅम्प आहात.

वेणूआत्या : हो, आता मी वाईट. नवीन सासू मिलाली, जुनी आत्या गेली.

रंजिता : टेप दे इकडे. मी जरा मोजते. मी इथे उभी राहिले, हात असा टाकला. पलीकडची कड हाताला लागतेय. तुझं आधीचं माप असतं तर लागली नसती. हीच रुंदी बरोबर आहे.

समीक्षा : कशाला बरोबर?

रंजिता : बेतायला. एवढी वर्षं मी जमिनीवर बसून कापड बेतते. उठताना भिंतीला धरावं लागतं. दुकानात टेबलं बघितली, एकही उंचीला जमत नाही. ह्याची उंची वाढव.

समीक्षा : किती?

रंजिता : माझ्या कंबरेला टेकेल इतकी. लाव टेप. बोल, किती?

समीक्षा : छत्तीस. पण काकू, मग जेवायला फार उंच होईल.

रंजिता : जेवायला खाली बसू. जेवताना माझी कंबर दुखत नाही, काम करताना दुखते.

समीक्षा : पाय अजून कापायचे राहिलेत. होईल छत्तीस. पण ह्याची दुसरी बाजू...

रंजिता : दुसऱ्या बाजूला काय?

समीक्षा : फळी उलटली की खालची बाजू माझी. क्लॅम्पची भोकं, खाचा. ते तुम्हाला सांगितलं नव्हतं.

रंजिता : म्हणजे एका बाजूला मी आणि उलटलं की तू?

समीक्षा : असं ठरवलं नव्हतं मी. पण आता तसंच होतंय.

वेणूआत्या : बगा. देवाचा केलेला वाया जात नाय बोलले होते की नाय? अक्षता नसत्या वाहिल्या तर टेबल रुंद झाला असता.

समीक्षा : आत्या, तू गप.

वेणूआत्या : खरा बोलला की गप.

समीक्षा : काकू, एक विचारू? खोलीचं काय? तुम्ही टेबलाचं सगळं सांगितलंत, खोलीचं नाही सांगितलंत.

रंजिता : बस इथे. वेणूताई, तुम्ही पण बसा. माझ्या रुखवतात शिलाई मशीन होतं. माझ्या बाबांनी घेतलेलं नाही, मी जासईच्या बायकांची परकर-पोलकी शिवून घेतलेलं. मांडवात सगळ्यांनी कौतुक केलं. हात लावून बघितलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, राहू दे वर, लागलं की काढू. माळ्यावर चढवलं. कोणी भांडलं नाही, कोणी ओरडलं नाही. म्हणून मला रडताही येईना. रोज तांदूळ निवडताना मी त्या माळ्याकडे बघायची. प्रितम शाळेत जायला लागला तेव्हा एकदा घरी कोणी नव्हतं, तर शिडी लावून मीच खाली काढलं. गंजलं होतं. तेल घालून घालून चालतं केलं.

समीक्षा : काकू.

रंजिता : तेव्हापासून हे सगळं. मला त्या बाईचा राग नाही आता. पण ती वर्षं गेली ती गेलीच. तुझं मशीन माझ्या माळ्यावर जाणार नाही, हे आज सांगून ठेवते. त्यासाठी मला कोणाला विचारायची गरज नाही.

वेणूआत्या : विहीनबाय, तुमी मना रडवनार आज.

रंजिता : रडा. पण ह्या बोर्डवर नको, पाणी लागेल. समीक्षा, नाक पूस आणि ऐक. एकाच वेळी दोघींचं जमणार नाही. रेशीम आणि भुसा एका खोलीत नको. वेळ वाटून घ्यायचा. दिवसाचा पहिला भाग तुझा, कारण माझी गिऱ्हाइकं जेवण उरकल्यावरच येतात. मग खोली झाडायची, पुसायची, टेबल उलटायचं. मग माझं.

समीक्षा : मी रोज झाडीन. ओल्या फडक्यानं पुसून काढीन. खिडकीत पंखा लावीन बाहेर फेकणारा. मशीनला पिशवी लावता येते भुश्याची, तीही लावीन. आणि मोठे बोर्ड मी इथेच कापीन, ह्या गाळ्यात. तिथे फक्त जोडायचं काम.

रंजिता : एवढं एका दमात नको सांगू. आपण करत करत ठरवू.

समीक्षा : खरंच चालेल तुम्हाला? मनापासून?

रंजिता : मनापासून. आता मला एवढंच सांग, सकाळी तू कामाला कधी बसतेस? म्हणजे आदल्या रात्रीच मी माझी कापडं आवरून ठेवत जाईन.